हिशेबाचे वर्ष एक एप्रिललाच का?

शाळेत काम करणारा माणूस एकाच वेळी तीन-चार वर्षांत जगत असतो. हजेरीपटाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे जानेवारीत, आणि रोजकीर्द मात्र ३१ मार्चला बंद करावी लागते. जवळपास साखर कारखाना असेल, तर त्याचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. बाजारपेठेतला जुना व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून नवी वही घालतो. गुढीपाडव्याला पंचांगातले वर्ष बदलते ते आणखी वेगळे.

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला ३६५ दिवस आणि सुमारे पावणेसहा तास लागतात. ही लांबी निसर्गाने ठरवलेली आहे. पण पृथ्वीच्या कक्षेवर ‘वर्षारंभ’ अशी पाटी कुठेही लावलेली नाही. फेरी कुठून मोजायला सुरुवात करायची, हे माणसानेच ठरवायचे असते. मग हिशेबासाठी आपण एक एप्रिल हाच दिवस का निवडला? त्या दिवशी ना पेरणी असते, ना कापणी, ना एखादा सण. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला व्यापार, शेती, खगोलशास्त्र आणि इंग्लंडचा इतिहास अशी बरीच फेरी मारावी लागते. पण त्याआधी एक प्रश्न: हिशेबाला वर्ष लागतेच कशाला?

खेप संपली की हिशेब संपला

जुन्या काळच्या सागरी व्यापारात एकेका खेपेचा हिशेब होत असे. चार जणांनी पैसे घालायचे, जहाज भरायचे, ते परत आले की माल विकायचा, भांडवल आणि नफा वाटून घ्यायचा आणि वही मिटायची. खेप सात महिन्यांत संपो की तीन वर्षांत, नफा किती झाला हे सांगायला अडचण नसे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या सफरीही अशाच होत्या. १६०१ साली निघालेली तिची पहिली सफर १६०३ साली परतली. सुरुवातीच्या प्रत्येक सफरीचे भांडवल वेगळे आणि हिशेबही वेगळा. पुढे काही सफरी मिळून एक भांडवल अशी पद्धत आली आणि १६५७ साली कंपनीचे भांडवल कायमचे झाले.

भांडवल कायमचे झाले म्हणजे ‘आता सगळे संपले, वाटून घेऊ’ असा दिवस कधी येणारच नाही. काही जहाजे समुद्रात आहेत, काही माल गोदामात आहे, काही उधारी वसूल व्हायची आहे. अशा वेळी भागीदाराला काय द्यायचे? त्यासाठी वाहत्या व्यवहाराला मध्येच कुठेतरी एक रेघ मारावी लागते. रेघेच्या अलीकडचे या वर्षाचे, पलीकडचे पुढच्या वर्षाचे. इटलीतील गणिती लुका पाचोली याने १४९४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धतीची माहिती दिली. वह्या दरवर्षी बंद करून हिशेब काढावा, विशेषतः भागीदारीत तर काढावाच, असा सल्ला त्याने त्यातच दिला आहे.

हिशेबाचे वर्ष, म्हणजेच आर्थिक वर्ष किंवा कायद्याच्या भाषेत वित्तीय वर्ष, हे असे न थांबणाऱ्या व्यवहारावर मारलेल्या दोन रेघांमधले अंतर आहे. त्याचे मुख्य उपयोग दोन. पहिला तुलनेचा: सारख्या लांबीचे तुकडे केले तरच यंदाची कमाई गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली हे कळते. दुसरा जबाबदारीचा: ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा आहे, त्याने ठरलेल्या दिवशी हिशेब दिलाच पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ नुसार प्रत्येक वित्तीय वर्षासाठी केंद्र सरकारचे जमाखर्चाचे विवरणपत्र संसदेपुढे ठेवावे लागते. राज्यांसाठी अनुच्छेद २०२ आहे. मंजूर झालेल्या रकमेची मुदत वर्षाबरोबर संपते. सरकारला दरवर्षी लोकप्रतिनिधींच्या दारात यावे लागते, ते या तरतुदींमुळे.

रेघ कुठे मारली, याला महत्त्व आहे का?

वर्षाची लांबी तीच राहणार असेल, तर सुरुवात कुठूनही केली तरी काय बिघडते, असे एखादा विद्यार्थी विचारील. त्याला फळ्यावर एक उदाहरण सोडवायला द्यावे.

समजा, एक शेतकरी मृगाचा पाऊस झाला की जूनमध्ये सोयाबीन पेरतो. त्याला २०,००० रुपये खर्च येतो. नोव्हेंबरमध्ये सोयाबीन ५०,००० रुपयांना विकले जाते. लगेच तो १०,००० रुपये खर्चून हरभरा पेरतो आणि तो ३०,००० रुपयांना विकतो. तीन वर्षे पीक सारखेच आले, भावही सारखाच मिळाला. फरक एवढाच, की हरभरा पहिल्या वर्षी २८ मार्चला विकला गेला, दुसऱ्या हंगामात ५ एप्रिलला आणि तिसऱ्या हंगामात २५ मार्चला.

आता हातात आलेली आणि हातातून गेलेली रक्कम एप्रिल ते मार्च अशी मांडू:
पहिले वर्ष: ५०,००० – २०,००० – १०,००० + ३०,००० = ५०,००० रुपये.
दुसरे वर्ष: ५०,००० – २०,००० – १०,००० = २०,००० रुपये.
तिसरे वर्ष: ३०,००० + ५०,००० – २०,००० – १०,००० + ३०,००० = ८०,००० रुपये.

कागदावर दुसरे वर्ष दुष्काळाचे आणि तिसरे सुबत्तेचे दिसते. प्रत्यक्षात तिन्ही हंगाम सारखेच होते. आता तेच आकडे मृग नक्षत्रापासून पुढच्या मृगापर्यंत, म्हणजे साधारण ७ जून ते ६ जून असे मांडा. तिन्ही वर्षी शिल्लक ५०,००० रुपये येते. प्रत्येक पिकाचा खर्च आणि उत्पन्न एकाच वर्षात बसतात, कारण रेघ दोन हंगामांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडली आहे.

हिशेबनीस यावर एक उपाय करतो. ३१ मार्चला घरात असलेल्या हरभऱ्याची किंमत तो ‘अखेरची शिल्लक’ म्हणून त्याच वर्षात धरतो. पैसे हातात केव्हा आले यापेक्षा ते कोणत्या काळाचे आहेत हे पाहणाऱ्या या पद्धतीला उपार्जन पद्धत म्हणतात. कंपन्यांचे हिशेब असेच ठेवले जातात. आपल्या सरकारचे हिशेब मात्र प्रामुख्याने रोख पद्धतीचे आहेत: पैसा ज्या दिवशी आला किंवा गेला, त्या दिवसाची नोंद. याचा परिणाम शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहे. मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो, म्हणून प्राप्तिकराच्या तक्त्यात मार्च ते फेब्रुवारी असे बारा महिने मांडावे लागतात. हिशेब रोखीचा असेल, तर रेघेची जागा अधिकच महत्त्वाची ठरते.

चंद्राचे वर्ष आणि रयतेचा सारा

रेघेच्या जागेइतकाच वर्षाच्या लांबीचाही प्रश्न एकेकाळी मोठा होता. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे. बारा चांद्रमासांचे दिवस होतात सुमारे ३५४. हे वर्ष सौर वर्षापेक्षा जवळजवळ अकरा दिवसांनी लहान. पिके मात्र सूर्याच्या वर्षाने येतात. ३३ चांद्र वर्षांचे दिवस सुमारे ११,६९४ होतात, तर ३२ सौर वर्षांचे सुमारे ११,६८८. म्हणजे सारा चांद्र वर्षाने घेतला, तर रयतेने ३२ वर्षांच्या पिकांवर ३३ वर्षांचा सारा द्यायचा!

अकबराच्या दरबारात हा प्रश्न पुढे आला. चांद्र गणनेमुळे शेतकऱ्यावर अन्याय होतो, हे कारण अबुल फझलने नोंदवले आहे. १५८४ साली अकबराने सौर वर्षावर आधारलेला इलाही सन सुरू केला. त्याची आखणी फतहुल्ला शिराझी या विद्वानाने केली होती. सारावसुलीसाठी निरनिराळ्या भागांत फसली सन रूढ झाले. ‘फसल’ म्हणजे पीक. नावातच त्यांचा हेतू आहे.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण म्हणजे सुहूर सन. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो पदोपदी भेटतो. त्याचे आकडे ‘सलास’, ‘अर्बा’, ‘खमस’ अशा अरबी शब्दांत लिहिलेले असतात. पण वर्ष चंद्रावर चालत नाही. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. सुहूर सनाच्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. ज्या राज्याचा मुख्य वसूल जमिनीचा, त्याचे वर्ष पेरणीपासून सुरू व्हावे, हे आपल्या फळ्यावरच्या उदाहरणाशी जुळणारेच आहे.

मग ही रेघ मृगावरून एप्रिलवर कशी गेली? त्यासाठी आता इंग्लंडला जायला हवे.

हरवलेले अकरा दिवस

इंग्लंडमध्ये घरभाडे, खंड, चाकरांचे करार यांसाठी वर्षाचे चार दिवस ठरलेले होते: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. पैकी २५ मार्च हा ‘लेडी डे’. मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देवदूताने सांगितली, तो हा दिवस मानतात. कायद्याच्या दृष्टीने तिथे नवे वर्षही याच दिवशी सुरू होई. २४ मार्च १७५० च्या दुसऱ्या दिवशी २५ मार्च १७५१ उजाडला!

त्या वेळी इंग्लंडमध्ये ज्यूलियन दिनदर्शिका चालू होती. तीत वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. म्हणजे खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे. शतकानुशतके साठलेली ही चूक ग्रेगोरियन दिनदर्शिकेने १५८२ साली दुरुस्त केली होती. इंग्लंडने ती स्वीकारली १७५२ साली. तोपर्यंत फरक अकरा दिवसांचा झाला होता. म्हणून त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मानला गेला. त्याच कायद्याने वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीला आणला.

आता खरी अडचण हिशेबाची. वर्षाचे भाडे ठरलेले असताना त्या वर्षातले अकरा दिवसच नाहीसे झाले, तर भाडेकरूने कमी दिवस राहून पूर्ण भाडे द्यायचे का? कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केला होता. आधी ठरलेली देणी जुन्या दिनदर्शिकेनुसार ज्या दिवशी यायची, त्याच दिवशी द्यावीत, अशी तरतूद त्यांनी ठेवली. म्हणजे जुना २५ मार्च आता ५ एप्रिल झाला. सरकारी खजिन्याच्या तिमाह्याही अशाच सरकल्या: ५ एप्रिल, ५ जुलै, १० ऑक्टोबर आणि ५ जानेवारी. या चारही तारखांतून अकरा दिवस वजा करून पाहा. जुने चार दिवस जसेच्या तसे मिळतात.

ब्रिटनमध्ये आजही व्यक्तींच्या प्राप्तिकराचे वर्ष ५ एप्रिलला संपते आणि ६ एप्रिलला नवे सुरू होते. सरकारी जमाखर्चाचे वर्ष मात्र तिथे काही काळ ५ जानेवारीला संपत असे. १८५४ साली कायद्याने ही तारीख ३१ मार्च केली. अशा रीतीने सुटसुटीत महिनाअखेरीवर आलेले ब्रिटिश सरकारचे वर्ष एक एप्रिलला सुरू होऊ लागले.

एक मे वरून एक एप्रिल

१८५८ मध्ये भारताचा कारभार कंपनीकडून ब्रिटिश राजसत्तेकडे गेला. १८६० साली जेम्स विल्सन यांनी इथला पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच वर्षी प्राप्तिकरही आला. त्या वेळी भारत सरकारचे हिशेबी वर्ष १ मे ते ३० एप्रिल असे होते. लंडनच्या जमाखर्चाशी मेळ बसावा म्हणून १८६७ सालापासून ते १ एप्रिल ते ३१ मार्च करण्यात आले. १८६६-६७ हे वर्ष त्यामुळे अकरा महिन्यांचेच झाले. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाने वित्तीय वर्षाची व्याख्या ‘एक एप्रिलपासून सुरू होणारे वर्ष’ अशी केली आणि ती आजही लागू आहे.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. एक एप्रिल ही तारीख आपल्या पिकांकडे, पावसाकडे किंवा बाजाराकडे पाहून निवडलेली नव्हती. एका दूरच्या देशातील भाडेपट्ट्याचा दिवस, त्याला चिकटलेले अकरा दिवस आणि लंडनच्या कचेरीची सोय, यांतून ती आपल्याकडे आली.

व्यापाऱ्यांचे वर्ष मात्र पुढे बराच काळ वेगळे राहिले. कार्तिकात सुरू होणारे दिवाळीचे वर्ष प्राप्तिकरालाही चालत असे. त्यात एक गोम होती. अधिक मास नसलेले असे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर अधिक मास आलेले सुमारे ३८४ दिवसांचे. महिनाभराच्या जादा विक्रीने नफा वाढलेला दिसे. शिवाय प्रत्येकाचे वर्ष वेगळे असल्याने कर आकारणाऱ्यांना तुलना अवघड जाई. १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्च हीच अखेर सक्तीची झाली. दिवाळीचे वर्ष पाळणाऱ्यांना त्या संक्रमणात सतरा महिन्यांच्या आसपासचे एक लांबलचक वर्ष हिशेबात धरावे लागले. वहीपूजन राहिले, कराचे वर्ष बदलले.

वर्ष बदलले की असा एक तुकडा लहान किंवा मोठा होतोच. रिझर्व्ह बँकेचे वर्ष १९४० पासून जुलै ते जून होते. ते एप्रिल-मार्चशी जुळवताना २०२०-२१ हे वर्ष नऊ महिन्यांचे झाले. अमेरिकेने १९७६ मध्ये आपल्या सरकारचे वर्ष जुलैऐवजी ऑक्टोबरपासून सुरू केले, तेव्हा मधली तिमाही कोणत्याच वर्षात न धरता वेगळी दाखवावी लागली. जुन्या आकड्यांची तुलना करताना असे तुकडे ध्यानात घेतले नाहीत, तर निष्कर्ष चुकतात.

मग वर्ष बदलावे का?

हा प्रश्न आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षे चर्चेत आहे. १९१३-१४ च्या चेंबरलेन आयोगाने वर्ष नोव्हेंबर किंवा जानेवारीपासून सुरू करावे असे सुचवले होते. १९८४ मध्ये नेमलेल्या एल. के. झा समितीने १९८५ साली जानेवारीची शिफारस केली. समितीचा मुख्य मुद्दा पावसाचा होता. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो. हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाजही आता साधारण एप्रिलच्या मध्यावर येतो. म्हणजे पाऊस कसा होईल याची काहीही कल्पना नसताना वर्षाचा जमाखर्च आखायचा. वर्ष जानेवारीत सुरू झाले, तर आखणीच्या वेळी नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपलेला असेल. दुष्काळ असेल तर त्यासाठी तरतूद करता येईल.

सरकारने ही शिफारस स्वीकारली नाही. लाभ मर्यादित आणि कायदे, करवसुली, आकडेवारी यांची उलथापालथ मोठी, असे कारण दिले गेले. २०१६ साली शंकर आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती बसली. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये जानेवारी-डिसेंबर वर्षाची घोषणा केली, पण ती अमलात आली नाही. बदलली ती अर्थसंकल्पाची तारीख. २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प एक फेब्रुवारीला मांडला जाऊ लागला, जेणेकरून मंजुरी मार्चअखेर पूर्ण व्हावी आणि पैसे एप्रिलपासूनच खर्चाला मिळावेत. पूर्वी मंजुरी मे महिन्यापर्यंत लांबे आणि पाठोपाठ पाऊस सुरू झाला, की रस्त्यांची आणि इमारतींची कामे अडकून पडत.

आमच्या मते इथे दोन्ही बाजूंना तथ्य आहे. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. आता तो एक पंचमांशाहून कमी आहे. सरकारी उत्पन्न पावसावर पूर्वीइतके अवलंबून नाही. पण शेतीवर जगणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात घटलेली नाही, आणि दुष्काळात मदत लागते ती त्यांनाच. म्हणून केवळ उत्पन्नाचा वाटा पाहून हा प्रश्न निकालात काढता येत नाही.

शाळांपुरते बोलायचे, तर मार्चअखेरीची घाई सर्वांच्या परिचयाची आहे. उशिरा आलेले अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडले नाही, तर परत जाते. मग प्रयोगशाळेत खरोखर काय हवे यापेक्षा आठ दिवसांत काय मिळते, यावर खरेदी ठरते. वर्ष जानेवारीला नेले, तर ही घाई डिसेंबरात होईल, एवढेच. मुदत हवीच, कारण मुदत नसेल तर कोणी हिशेब मागू शकणार नाही. घाई टाळायची असेल, तर पैसा वर्षाच्या आरंभी पोहोचला पाहिजे. त्यासाठी तारीख बदलण्याची गरज नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या शेतीतील, दुकानातील महिनावार जमाखर्चाचे अंदाजी आकडे आणावेत. एकच आकडेवारी एप्रिल-मार्च, जून-मे आणि दिवाळी ते दिवाळी अशी मांडावी. कोणत्या मांडणीत वर्षावर्षातील फरक सर्वांत कमी दिसतो आणि का, यावर चर्चा करावी.

२. ब्रिटनचे कराचे वर्ष ५ ऐवजी ६ एप्रिलला का सुरू होते, याचे एक प्रचलित स्पष्टीकरण असे: १८०० हे वर्ष जुन्या दिनदर्शिकेत लीप होते, नव्या दिनदर्शिकेत नव्हते, म्हणून तारीख आणखी एक दिवस पुढे ढकलली. दुसरे स्पष्टीकरण असे की, २५ मार्च हा जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस धरला जाई. पहिले खरे मानले, तर १९०० साली काय व्हायला हवे होते? विद्यार्थ्यांनी हे स्वतः ताडून पाहावे.

३. शाळेच्या ग्रंथालयाचा किंवा सहलीचा हिशेब विद्यार्थ्यांकडून ३१ मार्चला बंद करून घ्यावा. आलेले पण न वापरलेले पैसे, घेतलेला पण पैसे न दिलेला माल, असे रेघेवर सापडलेले व्यवहार त्यांनी वेगळे लिहावेत. ताळेबंदात ‘देणे’ आणि ‘येणे’ हे रकाने का लागतात, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.